ईस्टरच्या सुट्टीआधीचा आठवडा दुसरीच्या वर्गात कसा घालवावा?

तुमचा प्रश्न असा आहे: वर्गात सात-आठ वर्षांची मुलं, ईस्टरच्या सुट्टीला एकच आठवडा उरलाय, मुलांचं लक्ष आधीच उडालंय. या दिवसांत शिकणंही व्हावं आणि बाहेर फिरणंही, तर आखणी कशी करावी? आणि शेवटच्या दिवशी अंडी शोधण्याचा खेळ ठेवावा का? मी बरीच वर्षं याच वयाच्या मुलांना शिकवते आणि वर्षातला हा माझा सगळ्यात आवडता आठवडा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दिवस मोजा. गुड फ्रायडेला सुट्टी असेल तर हा आठवडा चारच दिवसांचा. त्यातला शेवटचा दिवस भिंतीवरची चित्रं उतरवण्यात आणि दप्तरं भरण्यात जातो. म्हणजे खरे हाताशी तीन. बहुतेक शाळांत सहल शेवटच्या दिवशी ठेवतात, बक्षीस दिल्यासारखी. तसं करू नका. सहल सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी न्या. मुलं बाहेर जे बघतात त्यावरचे खरे प्रश्न त्यांना दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी पडतात, आणि तेव्हा ती वर्गात तुमच्यासमोर असायला हवीत. शेवटच्या दिवशीच्या सहलीतले प्रश्न सुट्टीत विरून जातात. माझं या आठवड्याबद्दलचं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे, बाकीचं त्याचाच तपशील.

सोमवारी हजेरी झाली की पहिलं काम: काचेच्या बरणीत एक कच्चं अंडं ठेवायचं आणि ते बुडेल इतकं पांढरं व्हिनेगर ओतायचं. काही सांगू नका, फक्त बघू द्या. लगेच कवचावर बारीक बुडबुडे धरायला लागतात. दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, "बाई, अंडं श्वास घेतंय!" हे वाक्य तसंच फळ्यावर लिहून ठेवा, दुरुस्त करू नका. कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, आम्लात ते विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. पण हे मंगळवारी सांगितलं तरी चालतं. त्याच दिवशी व्हिनेगर बदला. बुधवारी अंडं नळाच्या बारीक धारेखाली बोटाने हळूच चोळलं की पांढरी भुकटी निघून जाते आणि हातात उरतो तो नुसता पापुद्रा. खिडक्यांचे पडदे लावा आणि मागून टॉर्च धरा. आतला पिवळा बलक हलताना दिसतो. एरवी दोन मिनिटं एका जागी न बसणारा एक मुलगा हे अंडं तळहातावर घेऊन इतका स्तब्ध उभा राहिला होता, की पुढच्या मुलाने त्याच्याकडे ते मागायलासुद्धा थोडा वेळ घेतला.

शक्य असेल तर अशी दोन अंडी करा. कवच गेल्यावर एक साध्या पाण्यात आणि दुसरं साखरेच्या घट्ट पाकात ठेवा. ठेवण्याआधी आणि दुसऱ्या दिवशी वजन करा, मुलांनाच काटा वाचू द्या. पाण्यातलं फुगतं, पाकातलं सुरकुततं. पापुद्र्यातून पाणी ये-जा करतं हे त्यांना आकड्यांतून कळतं, आणि वजाबाकी करायला कुणाला आग्रह करावा लागत नाही.

दोन गोष्टी मात्र आठवड्याच्या आधीच करून ठेवा. कुणाला अंड्याची ॲलर्जी आहे का, हे पालकांना चिठ्ठी पाठवून विचारा. आणि कच्च्या अंड्याला हात लागला की साबणाने हात धुणं, यात सूट नाही.

अंड्यांचाच आणखी एक प्रयोग सोमवारी दुपारी पेंगुळलेल्या वर्गासाठी ठेवते. उकडलेल्या अंड्यांच्या कवचांचे चार अर्धे भाग घ्यायचे, कडा सारख्या करायच्या, घुमटासारखे पालथे मांडायचे आणि वर एकेक पुस्तक ठेवत जायचं. किती पुस्तकं राहतील याचा अंदाज आधी प्रत्येकाने कागदावर लिहायचा. बहुतेक मुलं एक किंवा दोन लिहितात. आमच्याकडे मागच्या खेपेला ११ वं पुस्तक ठेवलं तेव्हा कुठे एक कवच तडकलं. मग दुसऱ्या दिवशी चर्चच्या कमानी बघताना मुलं स्वतःच ओरडतात, "अंड्यासारखं!"

चर्चच्या भेटीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ही भेट नीट झाली तर पूर्ण आठवडा त्यावर उभा राहतो. ईस्टरआधीचा आठवडा म्हणजे ख्रिस्ती लोकांचा पवित्र आठवडा. झावळ्यांच्या रविवारी तो सुरू होतो आणि गुरुवारपासून चर्चमध्ये उसंत नसते. म्हणून फादरना किंवा पाळकांना महिनाभर आधी गाठा आणि सोमवार-मंगळवारची सकाळच मागा. त्या दिवसांत आत जे दिसतं ते वर्षात एरवी दिसत नाही. अनेक कॅथलिक चर्चमध्ये क्रूस आणि मूर्ती जांभळ्या कापडाने झाकलेल्या असतात. मुलांना झाकलेली वस्तू दाखवली की वेगळी प्रस्तावना लागतच नाही. का झाकलंय, आत काय आहे, कधी उघडणार? गुरुवारच्या संध्याकाळनंतर शनिवारी रात्रीपर्यंत घंटा वाजत नाहीत, हेही त्यांना फार लागतं. आमची मुलं घंटेच्या दोरीखाली उभी राहून कुजबुजत होती, जणू मोठ्याने बोललो तर ती आधीच वाजेल.

आणि एक मोठी मेणबत्ती असते, पास्काची, म्हणजे ईस्टरची. ती बऱ्याच ठिकाणी बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ उभी असते. तिच्यावर ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, अल्फा आणि ओमेगा, आणि वर्षाचे चार आकडे असतात. ईस्टरआधीच्या आठवड्यात गेलात तर अर्थातच त्यावर मागचं वर्ष असतं. एका मुलीने ते वाचलं आणि फार गंभीरपणे फादरना सांगितलं की तुमचं वर्ष चुकलंय. फादर खाली बसले, तिच्या उंचीला आले, आणि म्हणाले, "चुकलं नाही, ही आता संपत आली. नवी शनिवारी रात्री पेटेल." मेणबत्ती किती झिजलीय हे मग सगळ्यांनी हाताने मोजलं.

धर्माबद्दल वर्गात कसं बोलायचं, ही तुमच्या मनातली धास्ती प्रश्नातून जाणवली. माझं मत स्पष्ट आहे. नुसते ससे आणि रंगीत अंडी दाखवून मधली गोष्ट गाळू नका. येशूला क्रूसावर दिलं, तो मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी उठला असं ख्रिस्ती लोक मानतात. गुड फ्रायडे आणि ईस्टर हे त्याचे दिवस. "असं ख्रिस्ती लोक मानतात" हे शब्द वापरले की कुठल्याही घरातलं मूल अवघडत नाही. मात्र मरणाचा विषय निघाला की वर्गातलं एखादं मूल आपल्या घरचं मरण घेऊन येतं. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "मग माझे आजोबा कधी उठणार?" मी उत्तर दिलं नाही. तिला जवळ बसवलं, आजोबा कसे होते ते विचारलं, आणि ती बराच वेळ सांगत राहिली. संध्याकाळी तिच्या आईला फोन केला, कारण हा प्रश्न घरी पोचायलाच हवा होता. या गोष्टीच्या तासानंतर लगेच गणित ठेवू नका. अर्धा तास मोकळा सोडा.

दर वर्षी मुलं विचारतात, "ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते?" हा तास बुधवारी सकाळी घ्या. नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा शोधायची आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मधेच कुठेतरी येतो. मुलांच्या जोड्या करा आणि पौर्णिमा दाखवणारी जुनी कॅलेंडरं द्या. २०२४ मध्ये पौर्णिमा २५ मार्चला, ईस्टर ३१ मार्चला. २०२६ मध्ये पौर्णिमा २ एप्रिलला, ईस्टर ५ एप्रिलला. आणि २०२५ मुद्दाम शेवटी द्या: पौर्णिमा १३ एप्रिलला, रविवारीच! मुलं तीच तारीख लिहितात. मग "पौर्णिमेनंतरचा रविवार" यातल्या "नंतरचा" या शब्दावर बोट ठेवा, की २० एप्रिल हे उत्तर ती स्वतःच काढतात. भाषा आणि गणित एकाच शब्दात भेटतात, असे तास फार मिळत नाहीत. २०१९ चं कॅलेंडर मात्र चुकूनही देऊ नका. चर्चची पौर्णिमा आकाशाकडे बघून नाही, कोष्टकावरून ठरते. त्या वर्षी आकाशातली पौर्णिमा २१ मार्चला होती, कोष्टकातली एक दिवस आधी, आणि ईस्टर थेट २१ एप्रिलला गेला. वर्गात ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाच्या, घरातलं मूल असेल तर त्याचा ईस्टर बहुतेक वर्षी वेगळ्या रविवारी येतो, तेही आधी विचारून ठेवा.

भूगोलासाठी पंधरा मिनिटं पुरतात. पृथ्वीचा गोल आणा, पॅसिफिक महासागरातलं ईस्टर बेट शोधायला लावा. डच दर्यावर्दी याकोब रोखेवेन ५ एप्रिल १७२२ ला तिथे पोचला, तो ईस्टरचा रविवार होता, म्हणून त्याने हे नाव दिलं. त्याच गोलावर हेही दाखवा की विषुववृत्ताच्या दक्षिणेला ईस्टर वसंतात नाही, शरदात येतो.

बऱ्याच वर्गांत या दिवसांत अंडी उबवायला ठेवतात. मी एकदाच ठेवली. पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात, आणि मी ते ईस्टरच्या रविवारपासून मागे मोजले, शाळेच्या शेवटच्या दिवसापासून नाही. मुलांनी तीन आठवडे रोज तक्त्यावर खूण केली, आणि पिल्लं शनिवारी रात्री, रिकाम्या वर्गात बाहेर आली. मी एकटी होते तिथे. सुट्टीनंतर मुलांच्या हाती फोटो तेवढे आले, आणि त्यांचे चेहरे अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. शिवाय पिल्लांना पुढे कायमचं घर लागतं, त्यातले निम्मे कोंबडे निघतात, आणि कोंबडे कुणालाच नको असतात. आता मी मुलांनाच कोंबड्या पाळणाऱ्यांकडे घेऊन जाते. खुडूक कोंबडी अंड्यांवर कशी बसते, चोचीने अंडं कसं फिरवते, हे तिथे बघायला मिळतं.

आता शेवटच्या दिवसाच्या खेळाबद्दल. ठेवा, पण धावत्या मुलाला दहा आणि हळू मुलाला एक असं होऊ देऊ नका. मी पुठ्ठ्याची अंडी करते, प्रत्येकावर एका मुलाचं नाव. आपलं सोडून दुसऱ्याचं सापडलं तर गप्प राहायचं, जागा सांगायची नाही. आत खाऊ नसतो. आठवडाभर मुलांनी विचारलेले आणि उत्तर न मिळालेले प्रश्न मी चिठ्ठ्यांवर लिहून ठेवलेले असतात, त्यातली एकेक चिठ्ठी असते. सुट्टीत घरच्यांना विचारून, वाचून, बघून उत्तर आणायचं. मागच्या वर्षी एका मुलाला चिठ्ठी आली होती: नव्या मेणबत्तीवर आकडे कोण लिहितं? सुट्टीनंतर दप्तर खाली ठेवायच्या आधी तो माझ्याजवळ आला. शनिवारी रात्री आजीचा हात धरून तो चर्चला गेला होता. "बाई, बाहेर अंधारात आग पेटवली होती. फादरनी स्वतः कोरले. आधी दोन, मग शून्य. मी अगदी पुढे उभा होतो."