आधी बॅग, मग बाकीचं

लांबच्या विमानप्रवासाहून घरी परतलेल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, लांबलचक आहे. त्यातला मधला भाग तेवढा इथे देते: "परत येऊन अकरा दिवस झाले. दोन मोठ्या बॅगा अजून हॉलमध्येच आहेत, लागेल तसं त्यातून काढतो. लेक पहाटे तीनला टक्क जागी होते, ऑफिसात माझं लक्ष लागत नाही, नवऱ्याशी क्षुल्लक कारणांवरून वाजतं आणि फ्रिज उघडला की कसलासा वास येतो. ताई, घराची घडी पुन्हा कधी बसणार?"

अगं, पाच तक्रारी लिहिल्यास, आणि त्यातली बॅगांची एका ओळीत उरकलीस, जणू ते हॉलमधलं फर्निचरच! मी तिथूनच सुरू करणार आहे. ही माझी जुनी खोड, नेहमी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

"लागेल तसं त्यातून काढतो" हे तुझंच वाक्य पुन्हा वाच. रोज कोणीतरी बॅगेत हात घालतं, वरचं खाली जातं, धुतलेलं न धुतलेल्यात मिसळतं आणि चार्जर तळाशी जाऊन बसतो. तुमच्या त्या "क्षुल्लक कारणां"पैकी निम्मी तरी "ते कुठे ठेवलंस?" या प्रश्नापासूनच सुरू होत असणार. शनिवारी निवांत लावू, असं म्हटलं असशील. आमच्या ह्यांचाही तोच शनिवार, अजून उजाडलेला नाही.

आता नीट ऐक. बॅगा आधी हॉलमधून बाथरूमच्या फरशीवर ने. गालिच्यावर, सोफ्यावर, पलंगावर तर अजिबात ठेवू नकोस. कारण स्वच्छतेचं आहेच, पण खरी भीती ढेकणांची. प्रवासात बॅग कुठेकुठे ठेवली जाते आणि कोणाच्या सामानाला खेटून येते, ते आपल्याला कळत नाही. पूर्ण वाढलेला ढेकूण जेमतेम पाच मिलिमीटरचा, सफरचंदाच्या बीएवढा असतो. शिवणीत आणि चेनच्या कडेला लपतो, शिवाय काही महिने उपाशी राहू शकतो, त्यामुळे आता अकरा दिवस झालेच आहेत, असं म्हणून सुटका नाही. मोबाईलची बॅटरी लावून बॅगेच्या आतली शिवण बोटाने उलटून बघ. पेनाची शाई टिपल्यासारखे काळे ठिपके दिसले तर कपडे कचऱ्याच्या पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून, मगच मशीनपर्यंत ने. ठिपके नसले तरी कपडे धुण्याआधी कोरडेच ड्रायरमध्ये घाल आणि सगळ्यात जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरव. लोक नेमके इथे चुकतात. ड्रायर ठासून भरतात आणि मधल्या कपड्यांपर्यंत ऊब पोचतच नाही. अर्धाच भर. नाजूक कपडे सोसणार नाहीत, ते वेगळे काढ.

बॅगेतले सगळेच कपडे धुवायचे, न घातलेलेसुद्धा. "ते तर इस्त्रीचेच आहेत" हा युक्तिवाद आमच्या सुनेनेही करून पाहिला. वापरलेल्या कपड्यांना खेटून प्रवास केलाय ना, मग झालं. ओलसर टॉवेल किंवा मोजे असतील तर ते सगळ्यात आधी, कारण बंद बॅगेत एकदोन दिवसांतही बुरशी धरू शकते. तुझ्याकडे अकरा दिवस गेलेत, तेव्हा कुबट वास येणारच. शेवटच्या पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घाल. त्याबरोबर ब्लीच मात्र चुकूनही नको, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू तयार होतो.

हिशेब सोपा आहे. तेवीस किलोच्या दोन बॅगांमधलं निम्मं सामान कपडे धरलं तर वीस-बावीस किलो होतात. घरचं मशीन सात-आठ किलोचं, म्हणजे तीन फेऱ्या. धुणं आणि वाळवणं धरून एकेका फेरीला अडीच-तीन तास जातात. आज संध्याकाळी एक, उद्या सकाळी एक, उद्या संध्याकाळी एक. कपड्यांच्या वर तळहात आडवा मावेल एवढी जागा राहू दे. आणि शेवटची फेरी लावून झोपी जाऊ नकोस, रात्रभर ओले राहिलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात.

कपडे निघाले की राहतात वस्तू, आणि बॅग खरी अडते ती तिथेच. औषधं, कागदपत्रं, चार्जर यांच्या जागा ठरलेल्या असतात. लोकांना द्यायच्या वस्तू पिशवीत घालून, नाव लिहून दाराशी ठेव. पण ज्या वस्तूला घरात जागाच नाही, ती हातात घेऊन माणूस पाच मिनिटं उभं राहतं आणि पुन्हा बॅगेतच टाकतं. त्यासाठी एक खोकं घे, वर आजची तारीख लिही आणि असलं सगळं त्यात टाक. दोन आठवड्यांनी ज्याची आठवण झाली नसेल ते देऊन टाक.

रिकामी बॅगही लगेच मिटायची नाही. व्हॅक्युमचं चपटं तोंड शिवणीतून फिरव, चाकांत अडकलेले केस कात्रीने काप, चेन अडत असेल तर तिच्यावर मेणबत्ती घास. एक दिवस उघडी ठेव, मग लहान बॅग मोठीत घाल. बॅगेवरचे जुने बारकोडचे स्टिकर सोलून काढ, त्या बारीक चिकटपट्ट्यासुद्धा. पुढच्या वेळी विमानतळावरच्या यंत्राने जुनाच बारकोड वाचला तर बॅग भलतीकडे जाऊ शकते.

आता बाकीचं. लेकीचं म्हणशील तर प्रवासात वेळ बदलली की शरीराचं घड्याळ नव्या वेळेकडे दिवसाला साधारण एक तास या बेताने सरकतं. अकराव्या दिवशीही तीनला जाग येते म्हणजे एक तर दुपारची झोप लांबतेय, नाही तर जाग आल्यावर काहीतरी बघायला मिळतंय. दुपारी अर्ध्या तासात उठव, रात्री दिवा मंद ठेव, स्क्रीन अजिबात नको आणि सकाळी उठल्याबरोबर बाहेरच्या उजेडात अर्धा तास ने. ती झोपली की तूही झोपशील आणि ऑफिसचं आपोआप मार्गी लागेल. तोवर दुपारनंतरची कॉफी बंद. नवऱ्याला दुसरी बॅग दे, त्याचं तेवढ्याने भागेल.

फ्रिजचं कारण बहुधा असं की तुम्ही नसताना वीज गेली असावी. आतलं टिकाऊ नसलेलं सगळं टाक आणि खण कोमट पाणी-सोड्याने पूस. मागे खाली पाणी साठणारा ट्रे असतो तोही धू, तो बहुतेकांना माहीतच नसतो. पुढच्या वेळी निघण्याआधी वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवून जा. परतल्यावर नाणं तळाशी दिसलं, म्हणजे मधे बर्फ वितळून पुन्हा गोठला. मग फ्रीजरमधलं काही खायचं नाही.

आणि हो, पत्रात दोन मोठ्या बॅगाच आहेत. लेकीच्या पाठीवरच्या सॅकचं काय झालं? प्रवासातला डबा अजून तिच्यातच आहे का, ते आत्ता उठून बघ.