औद्योगिक मानसशास्त्रात एम.ए. करावे की एच.आर.मध्ये एम.बी.ए.?

तुम्ही मानसशास्त्र विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात आणि पुढे औद्योगिक मानसशास्त्रात एम.ए. करावे की मनुष्यबळ व्यवस्थापनात एम.बी.ए., असे विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहिले आहे : ‘मला माणसांशी बोलायला आवडते, आकडेमोड मात्र नको.’ माझ्या मते तुमचा निर्णय या वाक्यापाशीच अडला आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

मी पुण्यात औद्योगिक मानसशास्त्र हा विशेष विषय घेऊन एम.ए. केले आणि नंतर चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात नऊ वर्षे काढली. माणसांशी बोलणे त्या नोकरीत भरपूर होते. मात्र ते पगारातली कपात, बदललेली शिफ्ट, न मिळालेला ओव्हरटाइम आणि बंद पडलेली कंपनीची बस यांविषयी होते. समुपदेशन करण्याच्या ओढीने तुम्ही या शाखेकडे पाहत असाल, तर समुपदेशन मानसशास्त्र ही वेगळी शाखा आहे आणि तुम्ही सरळ तिकडे जावे हे बरे. औद्योगिक मानसशास्त्राचा मुख्य रोख काम कसे रचले आहे आणि त्या रचनेचा काम करणाऱ्यावर काय परिणाम होतो, याकडे असतो.

याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. कामाच्या ठिकाणच्या मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस यांनी 1953 मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये एक प्रयोग केला. तिथे स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन अपेक्षेइतके वाढत नव्हते. विणकर, तुटलेले धागे सांधणारा, तेल घालणारा, झाडणारा अशी बारा प्रकारची कामे बारा प्रकारच्या लोकांत वाटलेली होती, आणि प्रत्येकाच्या वाट्याचे माग वेगवेगळ्या संख्येचे असल्यामुळे कोण कोणाबरोबर काम करतो याचा मेळच बसत नव्हता. ठरावीक मागांचा एक संच एका छोट्या गटाकडे सोपवावा, अशी कल्पना निघताच कामगारांनी ती उचलून धरली आणि आपले गट आपणच ठरवले. घडी बसल्यावर उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. यात कोणालाही प्रेरणादायी भाषण दिलेले नव्हते. आजच्या एच.आर. विभागांनी रंगीत फुग्यांचा खर्च वाचवून हा प्रयोग एकदा वाचायला हरकत नाही.

आता आकडेमोडीकडे येते. एम.ए.मध्ये मला खरोखर उपयोगी पडलेली गोष्ट कोणती, असे विचारले तर मी मानसमापन (म्हणजे क्षमता आणि स्वभाव मोजणाऱ्या चाचण्यांचे शास्त्र) आणि संख्याशास्त्र यांचीच नावे घेईन, जरी त्या दोन पेपरांनी मला परीक्षेत सर्वांत जास्त रडवले होते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे आय.टी.आय. झालेल्या मुलांची ट्रेनी म्हणून भरती चालू होती. त्यासाठी कंपनीने बाहेरून विकत घेतलेली 45 मिनिटांची अभिक्षमता चाचणी (एखादे काम शिकण्याची कुवत मोजणारी) वापरली जात असे. लातूर आणि बीडकडची मुले तीत सपाटून आपटत आणि शहरातली पुढे जात. एकदा मी चाचणीच्या वेळी मागच्या बाकावर जाऊन बसले, तेव्हा दिसले की पहिली सहा-सात मिनिटे कित्येक मुले इंग्रजी सूचनांवरच बोट ठेवून ओठांनी अक्षरे जुळवत होती, आणि घड्याळ मात्र चालूच होते. मग आधीच्या वर्षी घेतलेल्या ट्रेनींचे चाचणीतले गुण काढले, सहा महिन्यांनी सुपरवायझरने त्यांना दिलेले गुण काढले आणि दोन्हींचा सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन्ही गुण एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण मेळ), काढून पाहिला. तो जवळपास शून्य निघाला. निवड झालेल्यांचेच गुण हाती असले की हा आकडा मुळातच कमी येतो, हे मी माझ्या टिपणात लिहिले होते, तरीही इतका कमी येण्याचे ते पुरेसे कारण नव्हते. थोडक्यात, ती चाचणी इंग्रजी वाचण्याचा वेग मोजत होती आणि आम्ही तिच्यावरून मशीनवर कोणाला उभे करायचे ते ठरवत होतो. सूचना मराठीत करून घ्यायला मला पुढे चार महिने लागले, पण माझे म्हणणे ऐकले गेले ते त्या एका आकड्यामुळे.

चाचणी जे मोजते असे म्हणते तेच मोजते का, यालाच आपल्या पुस्तकांत सप्रमाणता म्हणतात, आणि त्या शब्दावर माणसांच्या नोकऱ्या अवलंबून असतात. रेल्वेत सहायक लोको पायलट होऊ पाहणाऱ्या उमेदवाराला संगणकावरील अभिक्षमता चाचण्यांपैकी प्रत्येकीत किमान 42 टी-गुण मिळवावे लागतात. एकीत कमी पडला तर दुसरीतले जास्तीचे गुण कामी येत नाहीत. टी-गुण म्हणजे काय आणि हा नियम असा का असावा, हे समजून घ्यायची उत्सुकता तुम्हाला वाटली, तर आकडेमोडीची भीती निम्मी गेली म्हणून समजा. या विषयातले ज्ञान गोठलेलेही नाही. 1998 मध्ये श्मिट आणि हंटर यांनी निवडपद्धतींचा जो ताळेबंद मांडला, त्यात बौद्धिक क्षमतेची चाचणी 0.51 या सप्रमाणतेसह (म्हणजे चाचणीचे गुण आणि प्रत्यक्ष काम यांच्या सहसंबंधासह) अग्रभागी होती. 2022 मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुन्या आकड्यांत केलेल्या सांख्यिकीय दुरुस्त्या तपासल्या, तेव्हा ती 0.31 वर उतरली आणि सर्वांना तेच ठरावीक प्रश्न विचारणारी संरचित मुलाखत 0.42 सह पहिल्या क्रमांकावर आली.

हे झाले एम.ए.चे बळ, तिची लंगडी बाजूही सांगते. रुजू झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात एका कामगाराला द्यायच्या चार्जशीटचा मसुदा माझ्याकडे आला. मी त्यात ‘वर्तन असमाधानकारक व वृत्ती नकारात्मक’ असे लिहिले. युनियनच्या सेक्रेटरींनी तो कागद वाचून अगदी शांतपणे विचारले, ‘मॅडम, तारीख कुठली, पाळी कुठली आणि स्टँडिंग ऑर्डर्सचे कलम कुठले?’ दहावी झालेल्या त्या गृहस्थांना स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे कारखान्याचे प्रमाणित सेवानियम, आणि डोमेस्टिक एन्क्वायरी, म्हणजे कंपनीअंतर्गत चौकशीची प्रक्रिया माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत होती, कारण माझ्या अभ्यासक्रमात कामगार कायदा नावापुरताच होता. पुढे मी नोकरी सांभाळून कामगार कायद्याची पदविका केली. तुम्ही कोणताही मार्ग घेतला तरी हा अभ्यास चुकणार नाही. आता तर 29 केंद्रीय कायद्यांच्या जागी आलेल्या चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत, त्यामुळे जुन्या नोट्सवर विसंबू नका. कल्याण अधिकारी नेमण्याची सक्ती 1948 च्या कारखाने अधिनियमात 500 कामगारांपासून होती, ती नव्या संहितेत 250 वर आली आहे. या पदासाठी मात्र विहित पात्रता लागते आणि मानसशास्त्राची एम.ए. तिथे चालेलच असे गृहीत धरू नये.

संस्थांबद्दल थोडक्यात. मानसशास्त्राच्या वाटेने जायचे तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग आणि मुंबई विद्यापीठाचा कालिना येथील उपयोजित मानसशास्त्र विभाग हे पहिले पर्याय. मनुष्यबळ आणि श्रमसंबंध यांसाठी 1936 पासून चालत आलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि जमशेदपूरची एक्स.एल.आर.आय. यांचा दबदबा वादातीत आहे, मात्र तिथली स्पर्धाही तशीच आहे. परळची नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था फारशी चर्चेत नसते, पण कारखान्यातच काम करायचे असेल तर तिची चौकशी जरूर करा. राज्याच्या सी.ई.टी.तून मिळणाऱ्या साधारण एम.बी.ए.बद्दल माझे मत फारसे चांगले नाही, पण पहिल्या नोकरीचे दार ती एम.ए.पेक्षा लवकर उघडते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. अनेक जाहिरातींत एम.बी.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) एवढेच लिहिलेले असते, आणि अर्ज चाळणारा माणूस औद्योगिक मानसशास्त्र म्हणजे काय हे विचारत बसत नाही.

घरी लवकर पगार येणे गरजेचे असेल तर एम.बी.ए. करा आणि मानसमापन नंतर शिका; मी उलटे केले आणि पहिली दोन वर्षे कमी पगारावर घासली. अशी निकड नसेल, तर आजच तुमची प्रात्यक्षिकांची जर्नल काढून बसा. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी निष्पत्तीचा तक्ता आणि त्यावरची चर्चा असते. तो भाग तुम्ही स्वतः लिहिला होता की सबमिशनच्या आदल्या रात्री मैत्रिणीचा उतरवून काढला होता, ते पाहा, आणि मग मला कळवा.