थकलेला पगार पुण्याच्या कर्जात आत्ताच भरू नका

ताई, १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या शटडाउनमध्ये, म्हणजे निधी मंजूर न झाल्याने अमेरिकी सरकारचं कामकाज आणि पगार थांबले तेव्हा, तुम्ही नेवार्क विमानतळावर प्रवाशांच्या तपासणीची ड्यूटी एकदाही चुकवली नाहीत. आता थकलेल्या पगाराचे, सगळं कापून, ४,८०० डॉलर हातात आलेत. पुण्यातल्या फ्लॅटचं २२ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी चालू आहे, त्यात ते एकदम भरू का, असं तुम्ही विचारलंय. पत्रात पुढे जाता जाता लिहिलंय की त्या दिवसांत किराणा आणि पेट्रोल क्रेडिट कार्डावर गेलं आणि ३,१०० डॉलर अजून फिटायचे आहेत. मला तुमच्या पत्रातली हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली.

कार्डाचं व्याज २४ टक्के आहे. म्हणजे दरमहा साधारण ६२ डॉलर नुसते व्याजाचे. तेवढीच रक्कम पुण्याच्या कर्जात भरली, तर महिन्याला जेमतेम २२ डॉलर वाचतील. तेव्हा आधी कार्ड पूर्ण फेडा, आजच.

उरतात १,७०० डॉलर. तेही पुण्याच्या कर्जात भरू नका. जीविताचं आणि मालमत्तेचं रक्षण करणाऱ्यांना तिजोरी बंद असतानाही कामावर बोलावता येतं, आणि तुम्ही त्यातल्याच आहात. २०१९च्या कायद्यामुळे तुमचा पगार बुडत नाही, पण तो शटडाउन संपल्यावरच मिळतो. २०१८-१९मध्ये ३५ दिवस लागले, या वेळी ४३. पैसे येणार हे नक्की, कधी येणार हे कुणीच सांगू शकत नाही, आणि घरमालक त्यासाठी थांबत नाही. शटडाउन संपवणाऱ्या नोव्हेंबरच्या कायद्यानेही बऱ्याच सरकारी खात्यांना ३० जानेवारी २०२६पर्यंतचीच तरतूद दिली होती, तुमचं खातं त्यात आलं.

४३ दिवस म्हणजे तुमचे तीन पगार, हातात येणारे अंदाजे ५,४०० डॉलर. एवढी रक्कम साध्या बचत खात्यात, हवी तेव्हा काढता येईल अशी, बाजूला हवी. गृहकर्जात मुद्दलापोटी भरलेला पैसा पुन्हा हाती येत नाही. तुमचं कर्ज ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं, म्हणजे जादा भरलेले पैसे पुन्हा काढता येतील असं, असतं तर गोष्ट वेगळी होती, पण तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून ते साधंच दिसतंय.

३,७०० डॉलर कमी पडतात. टीएसपीमध्ये, म्हणजे सरकारी नोकरांच्या निवृत्ती बचत योजनेत, तुम्ही पगाराच्या ८ टक्के टाकता. सरकारचा पूर्ण वाटा मिळायला ५ टक्के पुरतात, म्हणून काही महिने ५ वर या. दर पगाराला सत्तरएक डॉलर सुटतील. खड्डा लगेच भरणार नाही, हे मलाही कळतं. पण ५ च्या खाली मात्र जाऊ नका, नाहीतर सरकारकडून फुकट मिळणारी रक्कम गमवाल.

पुन्हा पगार थांबलाच, तर टीएसपीतून हार्डशिप (आर्थिक अडचण) म्हणून पैसे काढायचा विचार मनात आणू नका. तुम्ही ४१ वर्षांच्या आहात. त्यावर आयकर लागेल, वर १० टक्के दंड, आणि ते पैसे परत भरताही येत नाहीत. अगदीच नड आली तर टीएसपीचं कर्ज घ्या, त्याचं व्याज निदान तुमच्याच खात्यात जमा होतं. पण त्याआधी तुमच्या क्रेडिट युनियनला, म्हणजे सभासदांच्या पतसंस्थेला, विचारा. शटडाउनमध्ये काही क्रेडिट युनियननी पगाराइतकी रक्कम बिनव्याजी दिली होती. बहुतेक ठिकाणी त्यासाठी पगार थेट त्यांच्याच खात्यात जमा व्हावा लागतो, आणि ती व्यवस्था पगार थांबल्यावर करता येत नाही. म्हणून याच आठवड्यात जाऊन या. बेकारभत्त्यावर विसंबू नका. कामावर हजर असणाऱ्याला तो सहसा मिळत नाही, घरी बसवलेल्याला मिळतो. मला हा अन्याय वाटतो, पण नियम तसा आहे.

त्या १,७०० मधलेच पुण्याच्या दोन हप्त्यांपुरते, म्हणजे साधारण ५४० डॉलर, एनआरई खात्यात (परदेशस्थ भारतीयांच्या भारतातल्या बँक खात्यात) आत्ताच पाठवून ठेवा. २४,००० रुपयांचा एक हप्ता चुकला, तर तिकडे दंड लागेल आणि सिबिल स्कोअर घसरेल. मुद्दल फेडण्याचं ५,४०० साठले की पुन्हा बघू. तरत्या दराच्या कर्जावर आधी फेडल्याचा दंड नसतो, त्यामुळे उशिराने भरलंत तरी त्या बाबतीत नुकसान नाही.