शव्वालचे (रमजाननंतरच्या महिन्यातले) सहा रोजे ईदच्या दुसऱ्या दिवसापासून धरता येतात का? आणि बकरीदला कुर्बानी होईपर्यंत उपाशी राहतात, तो रोजा असतो का?

तुमचा पूर्ण प्रश्न असा: रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही शव्वालचा पहिला रोजा धरला तर सासरच्यांनी "ईद तीन दिवसांची, त्यात रोजा हराम" म्हणून मोडायला लावला. बकरीदला मात्र तेच लोक कुर्बानीचं गोश्त शिजेपर्यंत उपाशी बसवतात आणि त्याला रोजा म्हणतात. शिवाय राहिलेले कजा, म्हणजे रमजानचे सुटलेले रोजे, आधी करायचे की हे सहा, तेही विचारलंय.

पहिल्याचं उत्तर लगेच देते. तुमचं बरोबर, सासरच्यांचं चूक. रमजान ईदला रोजा हराम तो एकच दिवस, शव्वालची पहिली तारीख. दुसऱ्या दिवसाला आपण बासी ईद म्हणतो ते पाहुण्यांच्या आणि उरलेल्या शीरखुर्म्याच्या सोयीनं. माझं माहेर खेड तालुक्यातलं, कोकणी, म्हणजे शाफई. (शाफई आणि हनफी हे शरियतचे दोन मजहब, नियमांत थोडा फरक.) तिथे अम्मी दोन तारखेलाच सहेरीला, पहाटेच्या खाण्याला, उठायची आणि सहाच्या सहा सलग उरकायची. शाफईंकडे तेच जास्त चांगलं मानतात. सासर सांगली जिल्ह्यातलं, हनफी. इथे महिनाभरात सवडीनं सुटे सुटे धरले तरी चालतात. पण दोन तारखेला धरू नका असं हनफीही सांगत नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्याच बासी ईदला मी रोजा धरला तेव्हा घरात कुजबूज झाली होती, "कोकणातली पोरगी, त्यांचं सगळं उलटंच."

वर्षात एकूण पाच दिवस रोजा नाही. शव्वालचा पहिला, आणि जिल्हजचे, म्हणजे बकरीदच्या महिन्याचे, 10, 11, 12, 13. तीन दिवसांचा घोळ बकरीदमुळे झालाय, आणि बकरीदचेही तीन नव्हे, चार आहेत. हनफी कुर्बानी बारा तारखेला संपते म्हणून लोक तेराला मोकळे झालो असं समजतात. शाफईंची कुर्बानी तेरापर्यंत चालते. रोजा मात्र दोघांनाही तेरापर्यंत नाही. लक्षात ठेवायला सोपी खूण म्हणजे फर्ज (बंधनकारक) नमाजनंतरची तकबीर, अल्लाहच्या मोठेपणाचा पुकारा. नऊच्या फज्रला (पहाटेच्या नमाजला) सुरू होते, तेराच्या असरला (दुपारनंतरच्या नमाजला) संपते, 23 नमाजा. ती चालू आहे तोवर रोजा नाही. अपवाद फक्त नऊ तारखेचा, अरफ्याचा. हजला न गेलेल्यांसाठी तो उलट मोठ्या सवाबाचा, पुण्याचा.

एवढं तुम्हाला कुठल्याही मौलानांनी पाच मिनिटांत सांगितलं असतं. मी लिहायला बसले ती दुसऱ्या प्रश्नामुळे. "कुर्बानी होईपर्यंतचा रोजा". हे तीन शब्द मी दहा-बारा वर्षं ऐकतेय.

2014 ची बकरीद ऑक्टोबरात होती. ऊन असं की अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. घरात तेव्हा आम्ही तीन जावा, दारात दोन बोकड. कसाई म्हणाला होता, ईदगाहवरून माणसं आली की नऊला हजर होतो. पण मोहल्ल्यात बोकड पंधरा-सोळा आणि कसाई एक. आमचा नंबर लागता लागता तीन वाजले.

सासूबाई, म्हणजे अम्मा, सकाळपासून स्वयंपाकघरात पाटावर बसून कांदे चिरत होत्या. त्यांना शुगर होती, बारा वर्षं जुनी. सकाळची गोळी त्यांनी सात वाजता घेतली, घोटभर पाण्याबरोबर. ग्लिमेपिराइड, शुगर उतरवणारी. ज्यांच्या घरी शुगरचं माणूस आहे त्यांना ठाऊक असेल, ही गोळी घेऊन खायचं नाही म्हणजे काय. मी म्हटलं, अम्मा, चपातीचा तुकडा तरी खा. त्या म्हणाल्या, "रोजा है ना बेटा, कलेजी आने दे." त्यांच्या सासूनं त्यांना तसंच शिकवलेलं. पहिला घास कुर्बानीच्या कलेजीचा.

अडीचच्या सुमारास मी पाहिलं, त्या एकच कांदा पुन्हा पुन्हा चिरतायत. बारीक झालेला कांदा गोळा करायचा, परत सुरी चालवायची. वरच्या ओठावर घाम. मी हाक मारली तर त्यांनी माझ्याकडे बघून त्यांच्या वारलेल्या बहिणीचं नाव घेतलं. मी शुगरचं मशीन आणलं, बोट टोचलं. 51. एवढ्या वेळात त्या तिरक्या होऊन धान्याच्या डब्यावर टेकल्या. गिळता येत होतं एवढं नशीब. वाटीत साखर कालवून चमच्यानं तोंडात घातली. एक चमचा आत, दोन पदरावर. पंधरा मिनिटांनी त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली, मग मी दूध-बिस्किट दिलं.

त्याच वेळी मोठे दीर कलेजीची ताटली घेऊन आत आले. अम्मांच्या हातात बिस्किट. ते दारातच थांबले आणि म्हणाले, "आधे घंटे के वास्ते अम्मा का रोजा तुडाए तुम."

मी म्हटलं, भाईजान, शुगर 51 होती. ते म्हणाले, अल्लाहच्या नावावर उपाशी राहणाऱ्याला काही होत नाही. हे बोलताना त्यांच्या गालात तंबाखू होता, सकाळी आठपासून मळत होते. तो कुठला रोजा, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. नवी नसले तरी धाकटी सून होते, विचारलं नाही.

आता विचारते. रोजा असता तर तो सकाळी सात वाजता गोळीच्या घोटभर पाण्यानंच सुटला असता. सहेरी नाही, नियत नाही, मगरिब (सूर्यास्त) नाही, दुपारी कलेजीवर इफ्तार. असा रोजा दीनमध्ये, धर्मात, कुठे आहे? आणि ज्या दिवशी रोजा हराम त्याच दिवशी तो मी मोडला म्हणजे मी नेमकं काय मोडलं?

मूळ गोष्ट एवढीशी आहे. रमजान ईदला हुजूर, म्हणजे पैगंबर, सल्लल्लाहु अलैहि व सल्लम काही खाऊन ईदगाहला जायचे, खजूर, तेही विषम संख्येत. बकरीदला नमाज पढून आल्यावर खायचे, आणि रिवायतीत आहे की आपल्या कुर्बानीतलं खायचे. यावरून आलिमांनी म्हटलं की बकरीदला नमाजआधी न खाणं मुस्तहब, आणि पहिला घास कुर्बानीचा असला तर अधिक चांगलं. मुस्तहब. केलं तर सवाब, नाही केलं तर गुनाह नाही. या मुस्तहबला आपल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या "रोजा" म्हणता म्हणता त्याचा फर्ज करून टाकला. पुरुषांना बरं, नमाजनंतर ईदगाहच्या बाहेर गळाभेट घेत चहा होतो. तुमच्याकडे होत नसेल, आमच्याकडे होतो.

दीरांचा अजून एक ठरलेला सवाल आहे, "जादा इबादत केली तर बिघडलं काय?" माझी दादी सही करताना अंगठा लावायची, पण याचं उत्तर तिला माहीत होतं. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं तेव्हा माझे चाचा तिथे होते. आमच्या बाजूला घर सोडून घर कुणी ना कुणी कुवेतला. दोन महिने पत्ता नाही. मग जॉर्डनच्या अम्मानवरून विमानांनी लोक मुंबईला यायला लागले, त्यात चाचा आले, अंगावरच्या कपड्यानिशी. दादीनं मन्नत केली होती, पोरगा आला तर मरेपर्यंत दर सोमवारी रोजा. पुढच्या बकरीदचा दुसरा दिवस सोमवार निघाला. दादी सहेरी करून बसली होती. आमच्या मशिदीतल्या मौलानांनी फज्रनंतर चाचांबरोबर निरोप दिला, आज खा. हे चार दिवस अल्लाहची मेहमानी आहे, यजमानानं ताट वाढल्यावर पाहुणा उठून जात नाही. दादीनं मुकाट्यानं भाकरी घेतली. त्या सोमवारची कजाही तिला सांगितली नाही, शाफईंकडे अशा मन्नतीतले ईदचे सोमवार धरलेच जात नाहीत. हनफीमध्ये मन्नत लागू होते, त्या दिवशी खायचं आणि रोजा नंतर कधीतरी भरून द्यायचा. तुमच्या घरात कुणाची मन्नत असेल तर हा फरक बघून घ्या.

हजरत इब्न उमर, पैगंबरांचे सहाबी म्हणजे सोबती, यांना एकानं असंच विचारलं होतं, ठरावीक वाराच्या रोजाची मन्नत आहे आणि त्याच वारी बकरीद आली. ते म्हणाले, अल्लाहनं मन्नत पुरी करायला सांगितलंय आणि नबींनी या दिवशी रोजा धरायला मना केलंय. त्यानं परत विचारलं, त्यांनी परत तेवढंच सांगितलं. एवढा मोठा सहाबी तोल सांभाळून बोलतो आणि आमचे दीर ताटली हातात घेऊन फतवा देतात.

बकरीदनंतरच्या तीन दिवसांना तश्रीकचे दिवस म्हणतात. तश्रीक म्हणजे गोश्तच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवणं. आमच्या गच्चीवर आजही मीठ-हळद लावलेल्या पट्ट्या दोरीवर लटकतात आणि एक पोरगं काठी घेऊन कावळे हाकत बसतं. हदीसमध्ये, पैगंबरांच्या वचनांत, हे दिवस खाण्यापिण्याचे आणि अल्लाहला आठवण्याचे सांगितलेत. दोन्ही एकत्र.

2014 वरच थांबलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. अम्मा 2019 मध्ये वारल्या, किडनीनं. चाळीसाव्याच्या आधी दीरांनी फिदयाचा, म्हणजे न धरलेल्या रोजांच्या बदल्यात द्यायच्या दानाचा, हिशेब मांडला. शेवटचे दोन रमजान त्यांना धरता आले नव्हते, ते 59 रोजे. ते बरोबर, एका रोजाचे साधारण पावणेदोन किलो गव्हाचे पैसे, तिघा भावांनी वाटून घ्यायचे. पण वहीत खाली अजून एक ओळ होती: "बकरीदचा 1". आणि त्यापुढे माझ्या नवऱ्याचं नाव. एकूण 60, हिशेब कसा गोल झाला. पावणेदोन किलो गव्हानं आम्ही भिकेला लागत नव्हतो. नवऱ्यानं पैसे देऊन टाकले, म्हणाला मयतीच्या घरात वाद नको. मी मात्र पुढच्या जुम्याला त्याला इमामसाहेबांकडे पाठवलं. ते हसले म्हणे. "ईदला रोजा असतो कुठे, मग फिदया कसला?" मग हे दीरांच्या समोर सांगा म्हटलं तर म्हणाले, ते मशिदीच्या कमिटीत आहेत, योग्य वेळ बघून सांगतो. ती वेळ अजून आलेली नाही.

तुमच्यासाठी म्हणून सांगते. तुमच्या सासूबाईंना किंवा सासऱ्यांना शुगर असेल, तुम्ही पोटुशी असाल, अंगावर पाजत असाल, तर बकरीदला सकाळी सरळ नाश्ता करा आणि कुणी काही म्हटलं तर "मुस्तहब" हा एक शब्द पाठ ठेवा. नाश्ता टाळायचाच असेल तर गोळीचं डॉक्टरांशी आधी बोला. धडधाकट माणसानं मात्र थांबायला हरकत नाही, चांगली सुन्नत आहे, मी स्वतः थांबते. फक्त तिला रोजा म्हणू नका.

एक राहिलं. तुमचं कुणी आखातात असेल तर अरफ्याला फोन येणारच. माझा भाऊ दरवर्षी करतो, "आज इथे ईद आहे, तू रोजा कसा धरलास?" आपला चांद बहुतेक एक दिवस मागे असतो. इथले बहुतेक आलिम आपल्या चांदाप्रमाणेच नऊ तारीख धरायला सांगतात. फोनवर वाद घालू नका, मी वीस वर्षं घातलाय, बिलाशिवाय हाती काही लागलं नाही.

आणि कजा. हनफीमध्ये आधी सहा धरले तरी चालतात, शव्वाल संपून जातो, कजाला नंतरही वेळ असतो. पण कजा डोक्यावरचं कर्ज आहे, तब्येत साथ देत असेल तर ते आधी फेडा. तुमचे किती राहिलेत ते तुम्ही लिहिलं नाही.