'बाखा' म्हणजे रडणं नव्हे

विचारणा अशी आहे: बायबलातल्या स्तोत्रसंहितेच्या ८४व्या स्तोत्रात यात्रेकरू 'बाखाच्या खोऱ्यातून' जातात, ते खोरं नेमकं कुठे? हिब्रूत बाखा म्हणजे रडणं, तेव्हा 'शोकाचं खोरं' हेच भाषांतर योग्य ना? आणि ४२व्या स्तोत्रातला 'मिसार' डोंगर त्याच बाजूला येतो का?

मधला प्रश्न आधी घेतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. हिब्रूतल्या या बाखाचा अर्थ रडणं नाही. प्रवचनांत, भक्तिपर लेखांत, आता मोबाइलवरच्या सुविचारांतही 'बाखा म्हणजे अश्रू' हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की मूळ शब्दाची अक्षरं बघायची गरजच कुणाला वाटत नाही. रडण्याचा धातू बेथ-खाफ-हे असा लिहितात. स्तोत्रातलं नाव बेथ-खाफ-आलेफ असं आहे. शेवटचं अक्षर वेगळं, म्हणून शब्दही वेगळा. उच्चार मात्र दोन्हींचा 'बाखा' असाच होतो. आपल्याकडे दिनदर्शिकेतला 'दिन' आणि दीनदुबळ्यांतला 'दीन' बोलताना एकसारखेच ऐकू येतात. म्हणून शिवदिन म्हणजे शिवाचा गरीब असं कुणी म्हणत नाही. शिवाय कवीला 'रडण्याचं खोरं' असं सरळ म्हणायचं असतं, तर 'बेखी' हे रुळलेलं नाम हाताशी होतं.

मूळ तपासायचं तर एक अडचण आधी दूर करा. हिब्रू प्रतीत स्तोत्राचा मथळा हाच पहिला श्लोक धरतात, त्यामुळे मराठीतली सहावी ओवी तिथे सातवी येते. ग्रीक आणि जुन्या लॅटिन प्रतींत तर स्तोत्राचाच क्रमांक ८३ आहे. चुकीची ओळ उघडून 'यात बाखा नाहीच' असा निष्कर्ष काढणारे याच कारणाने फसतात.

आता तो शब्द. बेथ-खाफ-आलेफ ही अक्षरं बायबलात आणखी एका प्रसंगी येतात: शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा पाचवा अध्याय, २३वी-२४वी ओवी आणि इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातलं तेच कथानक. इस्राएलचे शत्रू पलिष्टी यरुशलेमजवळच्या रेफाईम खोऱ्यात पसरले आहेत. दावीद राजाला देवाची आज्ञा होते की समोरून चढाई करू नकोस. 'बेखाईम'च्या बाजूने वळसा घाल, त्यांच्या शेंड्यांत पावलांचा आवाज ऐकू आला की तुटून पड. शेंडे आहेत, म्हणजे हे झाड आहे. 'बेखाईम' हे 'बाखा'चं अनेकवचन, आणि तेही आलेफनेच लिहिलेलं. आलेफ आणि 'हे' या अक्षरांची हिब्रूत अदलाबदल होते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण दोन्ही ठिकाणी आलेफच असताना, आणि त्यातल्या एका ठिकाणी झाडाशिवाय दुसरा अर्थच लागत नसताना, दुसऱ्या ठिकाणी लेखनिकाची चूक मानायची कशासाठी?

व्याकरणही झाडाच्याच बाजूने आहे. मुळात 'एमेक हा-बाखा' असं आहे. 'हा' हे निश्चित उपपद, इंग्रजी 'द'सारखं. दावीद आणि गल्याथ यांची लढाई झाली ते 'एमेक हा-एला', म्हणजे एला झाडाचं खोरं. योएलाच्या पुस्तकात 'नहल हा-शित्तीम' आहे, म्हणजे शित्ता जातीच्या बाभळींचा ओढा. साचा तोच. वडगाव, पिंपळगाव, बाभूळगाव, चिंचवड अशी गावं ज्या मुलखात पावलोपावली आहेत, तिथल्या माणसाला झाडावरून पडलेलं ठिकाणाचं नाव समजावून सांगावं लागू नये.

पण हे झाड कुठलं? इथून पुढचा भाग मला या शब्दात सर्वांत सुंदर वाटतो. स्वीडनमधल्या उप्सालाचे ओलोफ सेल्सिअस (तापमापकाच्या सेल्सिअसचे चुलते) यांनी बायबलातल्या वनस्पतींवर १७४५ ते १७४७ मध्ये मोठा ग्रंथ काढला. त्यांनी अरबी वनस्पतिवर्णनांतलं 'बका' हे झाड पुढे आणलं. बलसाम म्हणजे सुगंधी राळेच्या झाडासारखं हे झाड. पान तोडलं की पांढरा, झोंबरा चीक थेंबाथेंबाने गळतो. गळणारा थेंब म्हणजे झाडाचे अश्रू! तेव्हा बाखा आणि रडणं यांचं नातं असेलच, तर ते झाडाच्या सालीतून जातं. माणसाच्या दुःखाशी त्याचा संबंध कवीने नंतर जोडला. राळेच्या थेंबाला अश्रू म्हणणं भूमध्य समुद्राभोवती आजही चालतं. ग्रीसच्या खिओस बेटावर उन्हाळ्यात मस्तकीच्या झुडपांना बारीक चिरा देतात, खालची जमीन झाडून तिच्यावर पांढरी माती पसरतात, आणि टपकून घट्ट झालेले खडे दोन-तीन आठवड्यांनी वेचतात. त्या खड्यांना तिथे 'अश्रू'च म्हणतात. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात 'रुमी मस्तकी' मिळते, ती हीच. अरबी बलसामही आपल्याला परका नाही: गुग्गुळाची आणि त्याची प्रजाती एकच, कोमिफोरा.

बलसामवर वनस्पतिशास्त्राची एक हरकत आहे आणि ती रास्त आहे. तो उष्णतेचा भोक्ता. प्राचीन काळी त्याच्या बागा होत्या त्या यरीहो आणि एन-गेदीला, समुद्रसपाटीच्याही खाली. यरुशलेम साडेसातशे मीटर उंचीवर. तिथल्या थंडीत तो टिकत नाही. म्हणून काही जण शेंड्यांतला आवाज पकडून पॉप्लर सुचवतात, कारण त्याची पानं वाऱ्याने सळसळतात. १६११च्या इंग्रजी भाषांतराने चक्क तुती लावली. पॉप्लरमध्ये आवाज आहे पण चीक नाही. तुतीला चीक आहे, पण ती त्या डोंगरांतली रानटी झाडी नव्हे. डोंगरउतारांवर वाढणारं, राळ गाळणारं, पिस्ता-मस्तकीच्या कुळातलं झाड धरलं तर दोन्ही अटी बऱ्याच पाळल्या जातात. माझा कौल त्यालाच.

मग अश्रू आले कुठून? ग्रीक भाषांतरकारांकडून. त्यांनी स्तोत्रात 'रडण्याच्या जागेचं खोरं' असं लिहिलं आणि शमुवेलाच्या पुस्तकातल्या झाडांनाही तोच 'रडण्याची जागा' हा शब्द लावला. त्यामुळे ग्रीक वाचकाच्या दाविदाला झाडांऐवजी रडण्याच्या राईला वळसा घालावा लागला. इतिहासाच्या पुस्तकाचा भाषांतरकार वेगळा. त्याने त्याच झाडांची नासपती केली. एकच शब्द, एकच लढाई, आणि दोन ग्रीक उत्तरं! स्तोत्राचं रडणं पुढे लॅटिनमध्ये 'वाल्ले लाक्रिमारुम', म्हणजे अश्रूंचं खोरं, असं स्थिरावलं. 'साल्वे रेजिना' या मरियेच्या प्रार्थनेतही हेच शब्द आहेत, आणि जपमाळेच्या शेवटी ती प्रार्थना वसईपासून गोव्यापर्यंत म्हटली जाते. त्या प्रार्थनेतले अश्रू आपल्या जागी खरे आहेत. पण ते लॅटिन आहेत, हिब्रू नव्हेत.

इथे दुसऱ्या टोकाचे विद्वान येतात. ते म्हणतात की कवीने श्लेष केला आहे, म्हणून खोरं काल्पनिक आहे, नकाशावर शोधूच नये. या तर्काचा मला मनापासून राग येतो, कारण हिब्रू कविता तो सरळ खोटा पाडते. श्लेष इथे आहेच, आणि एक नाही. 'बेथ-रेश-खाफ'वाल्या शब्दाला एक स्वरचिन्हं दिली की 'बेराखोत' म्हणजे आशीर्वाद, दुसरी दिली की 'बेरेखोत' म्हणजे तळी. 'मोरे' म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पहिला पाऊस, आणि 'मोरे' म्हणजे शिक्षकही. ग्रीक भाषांतरकाराने पाऊस सोडून 'नियम देणारा' घेतला. एका ओळीत तीन दुहेरी शब्द ठेवणारा कवी बाखातलं रडणं ऐकत नव्हता असं कोण म्हणेल? पण श्लेष होण्यासाठी नाव आधी अस्तित्वात असावं लागतं. मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात गावांच्या नावांवर कोट्यांची रांग लागली आहे: बेथ-ले-अफ्राला 'आफार' म्हणजे धूळ, अखजीबला 'अखझाब' म्हणजे फसवं, लाखीशला 'रेखेश' म्हणजे रथाचे घोडे. लाखीश काल्पनिक आहे का? १९३२ पासून तिथे उत्खनन झालं, १९३५ मध्ये शाईने लिहिलेली खापरं निघाली, आणि इ.स.पू. ७०१च्या वेढ्याचं अश्शूरी शिल्प आज ब्रिटिश म्युझियममध्ये उभं आहे.

तर जागा कुठे? आधी 'एमेक' या शब्दाकडे बघा. हिब्रूत 'गे' म्हणजे घळ, 'नहल' म्हणजे पावसाळी ओढ्याचं पात्र, 'बिका' म्हणजे सपाट मैदान आणि 'एमेक' म्हणजे रुंद, शेतीजोगं खोरं. फ्रेंच अभ्यासक एर्नेस्त रेनाँ यांनी १८६३च्या आपल्या येशूचरित्रात बाखाची जागा नाबलुस-यरुशलेम वाटेवरच्या ऐन-अल-हरामिया इथे ठेवली. तिथे खडकांतून पाणी पाझरतं, म्हणून 'रडणारं' खोरं. सुचवणी मोहक आहे, पण दोन ठिकाणी मोडते. ती अरुंद घळ आहे, तिला 'एमेक' म्हणता येत नाही. आणि ओवी म्हणते की यात्रेकरू त्या खोऱ्याला झरा 'करतात'. जिथे झरा आधीच वाहतो आहे तिथे ते काय करणार?

रेफाईमला मात्र बायबल सर्वत्र 'एमेक'च म्हणतं. यहोशवाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात ते यरुशलेमला लागून, हिन्नोमच्या घळीच्या पश्चिमेकडून सुरू होतं. आणि बाखा झाडांची लिखित नोंद फक्त तिथलीच आहे. यावर यशयाचा सतरावा अध्याय दाखवतात: रेफाईममध्ये कणसं वेचतात, म्हणजे जमीन सुपीक, मग ती कोरडी कशी? उत्तर पंचांगात आहे. यरुशलेमला वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण मे ते सप्टेंबर जवळजवळ थेंब नाही. पीक उन्हाळ्याच्या सुरुवातीला निघून जातं. मांडवांच्या सणाचे (यहुद्यांच्या शरदातल्या यात्रेच्या सणाचे) यात्रेकरू येतात ते सप्टेंबर-ऑक्टोबरात, पहिल्या 'मोरे'च्या तोंडावर. तेव्हा ते खोरं भाजून निघालेलं असतं आणि चीक गळणारी झाडं तेवढी उभी असतात. पुढच्याच ओवीत यात्रेकरू सियोनात, म्हणजे यरुशलेमच्या मंदिराच्या डोंगरावर, पोहोचतात. शेवटची मजल इतकी जवळची हवी.

रेफाईममध्ये शोधतानाही एक सापळा आहे. यरुशलेमच्या त्याच भागात, १८९२च्या जुन्या रेल्वे स्थानकाजवळ, 'बका' नावाची वस्ती आहे. नकाशावर ते नाव दिसताच पुष्कळांना कोडं सुटल्यासारखं वाटतं. ते अरबी 'बकआ', घशातल्या 'क'चं क़ाफ (खाफहून वेगळं अक्षर) आणि ऐन यांनी लिहिलेलं, म्हणजे हिब्रू 'बिका', मैदान. बाखाशी त्याचं एकही मूळ अक्षर जुळत नाही, पहिलं बेथ सोडलं तर. कुराणाच्या तिसऱ्या सूऱ्यातल्या ९६व्या आयतीतलं 'बक्का' इथे जोडण्यातही तीच अडचण: तिथे काफ (हिब्रू खाफचं अरबी रूप) दुहेरी, आलेफ नाही, आणि स्तोत्रातली यात्रा सियोनला संपते. बक्का म्हणजे मक्का, हे कुराणाच्या संदर्भात मुस्लिम परंपरेला मान्य आहे. ते दाखवण्यासाठी ८४व्या स्तोत्राची ओढाताण करायला नको.

नुसतं ध्वनिसाम्य किती पुरतं हे गिबओनवरून कळतं. 'अल-जीब' हे आजचं गाव म्हणजेच बायबलातलं गिबओन, असा अंदाज जुनाच होता. पण १९५६ पासूनच्या उत्खननात घड्यांच्या कानांवर गिबओनची अक्षरं कोरलेली सापडली, तेव्हा तो अंदाज राहिला नाही. खोऱ्याला खापरं नसतात. म्हणून तिथे अक्षरं, भूरूप, ऋतू आणि वाटेची दिशा, चारही जुळावी लागतात.

राहिला मिसार. तो बाखाच्या बाजूला नाही; यार्देन नदीच्या उगमाकडे, हेर्मोन पर्वताच्या मुलखात शोधायचा, कारण ओवीत तीच दोन नावं त्याच्या शेजारी आहेत. मूळ उच्चार 'मित्सआर', अर्थ लहान. ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांनी इथेही नाव पुसून 'लहान डोंगर' केलं, आणि काहींनी त्यावरून २८१४ मीटरच्या हेर्मोनसमोरचा छोटा सियोन काढला. पण कवी तिथून दूर असल्याचंच तर रडगाणं गातो आहे. हेर्मोनच्या पायथ्याला 'झ'ने सुरू होणारी जी अरबी नावं सुचवली जातात, त्यांना आधी हे विचारा: हिब्रू त्सादे या अक्षराचा अरबीत सहसा साद ('स') होतो, त्सिदोनचं सैदा झालं, त्सोरचं सूर झालं, मग इथे 'झ' का झाला?