वाचकांचे प्रश्न : उंची हेडफोनच्या आवाजाची तुलना

प्रश्न : आमच्या गावच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ६०० हा हेडफोन आहे. पुण्यात नोकरीला असलेला पुतण्या दिवाळीत ऑडिझीचा एलसीडी-एक्स घेऊन आला. एकाच छोट्या अँप्लिफायरवर दोन्ही आलटून पालटून लावले, तेव्हा त्याचा हेडफोन इतका भरदार आणि जिवंत वाटला की माझा अगदी फिका पडला. किमतीतला फरक आवाजात खरोखर एवढा असतो का?
(एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : आपण ऐकलेला फरक खरा आहे, परंतु त्याचा मोठा भाग हेडफोनच्या गुणवत्तेचा नसून निव्वळ आवाजाच्या मोठेपणाचा असावा. एचडी ६०० चा विद्युत अवरोध ३०० ओहम आहे, तर एलसीडी-एक्सचा अवघा २० ओहम. अँप्लिफायरची खुंटी एकाच जागी ठेवली, तर दोघांनाही जवळपास सारखेच व्होल्टेज मिळते आणि त्या व्होल्टेजला २० ओहमच्या हेडफोनमध्ये १५ पट वीज खर्ची पडते. एवढ्यानेच सुमारे १२ डेसिबलचा फरक होतो. एलसीडी-एक्सची संवेदनशीलताही अधिक असल्यामुळे प्रत्यक्षातला फरक त्याहून मोठा भरतो. हलक्या आवाजात कानाला खर्जाचे स्वर उणे भासतात आणि आवाज वाढवला की ते भरून येतात, ही गोष्ट फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवली होती. म्हणून मोठ्याने वाजणारा हेडफोन केवळ मोठा न वाटता भरदार, स्पष्ट आणि जवळचा वाटतो. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक तर मोठेपणा म्हणून ध्यानातही येत नाही. तो थेट ‘दर्जा’ म्हणूनच ऐकू येतो.

तेव्हा पहिले काम दोन्ही आवाज सारखे करण्याचे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घ्यावा, त्याला मधोमध छिद्र पाडून मोबाइलचा माइक त्या छिद्राशी येईल असा बसवावा आणि हेडफोनची गादी पुठ्ठ्यावर चहूबाजूंनी टेकेल अशी ठेवावी. मग पिंक नॉईज नावाचा सलग खळखळाट वाजवून ध्वनिमापक ॲपवरचा आकडा लिहून घ्यावा, दुसरा हेडफोन त्याच जागी ठेवावा आणि तोच आकडा येईपर्यंत खुंटी फिरवावी. मोबाइलचा आकडा अचूक नसतो, पण आपल्याला केवळ दोन आकड्यांची बरोबरी हवी आहे आणि तेवढ्यापुरता तो विश्वासाचा आहे. एकाच सुराने हे जमवू नये, कारण त्या नेमक्या सुरावर एखाद्या हेडफोनचा उंचवटा किंवा खळगा असला तर सगळी मोजणी फसते. शेवटी ओळखीच्या गायकाचा आवाज लावून कानाने खात्री करावी आणि खुंटीच्या दोन्ही जागा पेन्सिलीने खुणावून ठेवाव्यात.

यानंतर उरतो तो खरा फरक, आणि तो ऐकण्याजोगा आहे. एलसीडी-एक्समध्ये पातळ, सपाट पडदा चुंबकांच्या ओळीसमोर सर्वभर एकसारखा हलतो, आणि त्याचा खर्ज अगदी खालच्या स्वरांपर्यंत जोर न गमावता पोहोचतो. एचडी ६०० मध्ये नेहमीच्या पद्धतीचा, वेटोळे चिकटवलेला पडदा आहे आणि त्याचा खर्ज सुमारे १०० हर्ट्झच्या खाली हळूहळू ओसरतो. त्यामुळे डग्ग्याची घुमारेदार थाप, विशेषतः मनगट दाबून काढलेली मींड, पुतण्याच्या हेडफोनवर अधिक अंगाने ऐकू येईल. उलट मानवी आवाजाच्या बाबतीत एचडी ६०० ची बाजू भक्कम आहे. १९९७ मध्ये बाजारात आलेला हा हेडफोन आजही तुलनेसाठी मापदंड म्हणून वापरला जातो, तो याच मधल्या पट्टीच्या समतोलामुळे. एलसीडी-एक्स तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास थोडा दबलेला आहे, म्हणून त्यावर गायक दोन पावले मागे सरकल्यासारखा आणि पेटीच्या स्वरपट्ट्यांची धार बोथट झाल्यासारखी वाटू शकते.

आपण रोज पेटी वाजवता, हे या तुलनेतले आपले मोठे भांडवल आहे. खरी पेटी हाताच्या अंतरावरून कशी वाजते हे आपल्या कानाला पाठ आहे. बाजारातल्या कित्येक परीक्षकांना इतकी पक्की कसोटी मिळत नाही. चांगल्या स्टुडिओत मुद्रित झालेले, पेटी, डग्गा-तबला आणि एकच गळा असलेले एखादे भजन निवडावे. त्यातला तीसेक सेकंदांचा एकच तुकडा आधी एका, मग दुसऱ्या हेडफोनवर ऐकावा आणि प्रत्येक वेळी लगेच दोन ओळी लिहून काढाव्यात, कारण आवाजाच्या बारकाव्यांची स्मृती काही सेकंदांतच विरते आणि हेडफोन काढून दुसरा घालण्यातच तेवढा वेळ जातो. खंजिरी आणि टाळांचा गजर मात्र सुरुवातीला वापरू नये. त्यात सगळेच हेडफोन उत्साही वाटतात.

चष्मा असल्यास दोन्ही वेळा तो घालून किंवा दोन्ही वेळा काढून ऐकावे. गादी आणि कानशील यांच्यामध्ये काडीने फट पाडली की खर्ज निसटतो. आपल्या हेडफोनच्या गाद्या चपट्या झाल्या असतील तर निकाल देण्याआधी त्या बदलून पाहाव्यात, कारण झिजलेली गादी पडदा आणि कान यांच्यातले अंतर कमी करून आवाजाचा तोलच बदलते.

प्रश्न : यंदा मृग बहाराचे पैसे हाती आले आहेत आणि संगीताचा शौक पुरवायचा आहे. पंचवीस हजारांचा हेडफोन आणि दीड लाखाचा हेडफोन यांत सहापट फरक ऐकू येईल का? ऐकून पाहायचे तर नागपूर गाठावे लागते आणि तिथेही मोजकीच मॉडेले असतात.
(संत्रा बागायतदार, ता. वरुड, जि. अमरावती)

उत्तर : नाही, सहापट येणार नाही, आणि कधी कधी उलटही घडेल. ध्वनिसंशोधक येरून ब्रीबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरनिराळ्या स्वरांना हेडफोन किती प्रतिसाद देतो आणि त्याची किंमत किती, या दोहोंत त्यांना काहीच संबंध आढळला नाही. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी या संशोधकांनी २०१३ पासून हार्मन या ध्वनिसाधने बनवणाऱ्या कंपनीत केलेले प्रयोगही मला याबाबत महत्त्वाचे वाटतात. डोक्यावरचे वजन आणि स्पर्श यांवरूनच ऐकणारा हेडफोन ओळखतो, ही अडचण त्यांनी एक युक्ती करून टाळली : वेगवेगळ्या हेडफोनांचा स्वरसमतोल एकाच हेडफोनमधून उभा केला आणि नाव, रूप, किंमत काहीही कळू न देता पसंती विचारली. बहुसंख्य श्रोत्यांचा कौल आश्चर्य वाटावे इतका सारखा निघाला. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरांसारखा तोल त्यांना हवा होता.

मग जास्तीचे पैसे कशाचे? चांगल्या निर्मात्याच्या बाबतीत ते डाव्या-उजव्या पडद्यांची काटेकोर जोडी, मोठ्या आवाजातही कमी राहणारी विकृती, दहा वर्षांनीही मिळणारे सुटे भाग, आणि काही वेळा आवाज डोक्याबाहेर पसरल्याचा भास यांचे असतात. या गोष्टींना मोल आहे. परंतु मूळ समतोलच बिघडलेला असेल तर त्या उपयोगाच्या नाहीत. वजनाचाही विचार करावा : एचडी ६०० सुमारे २६० ग्रॅमचा आहे, तर मोठे चुंबक असलेले काही महाग हेडफोन ६०० ग्रॅमच्या घरात जातात, आणि तासाभराने मान आवाजाकडे लक्ष लागू देत नाही.

नागपूरला जाण्याआधी मोजमापांचे आलेख पाहावेत, मात्र एकाच यंत्रावर, एकाच परीक्षकाने काढलेले आलेखच शेजारी ठेवावेत. ३००० हर्ट्झच्या आसपास आलेख उंचावलेला दिसला तर घाबरू नये. आपला कर्णमार्ग आणि कानाची पाळीच त्या भागातला आवाज निसर्गतः वाढवतात, म्हणून कानाच्या पडद्यापाशी मोजलेली सपाट रेषा प्रत्यक्षात निस्तेज ऐकू येते. ८,००० हर्ट्झच्या पुढचे दातेरी चढउतार हेडफोन किंचित सरकला तरी बदलतात, त्यांच्यावर निर्णय सोपवू नये. दुकानात आपली गाणी आणि आपलाच मोबाइल न्यावा. माझे स्पष्ट मत असे, की आपण पंचवीस हजारांच्या हेडफोनपासून सुरुवात करावी, त्याला पुरेसा सशक्त आणि स्वच्छ अँप्लिफायर जोडावा आणि वर्षभर त्याचा आवाज कानात मुरू द्यावा. त्यानंतर काय उणे आहे हे आपल्याला नेमके सांगता आले, तरच दीड लाखाचा विचार करावा.

प्रश्न : उन्हाळ्यात कूलरशिवाय घरात बसवत नाही. अशा वेळी ओपन-बॅक हेडफोन ऐकण्यात अर्थ आहे का?
(एक वाचक, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

उत्तर : तुलनेसाठी नाही. ओपन-बॅक हेडफोनची पाठ जाळीदार असते, त्यामुळे बाहेरचा आवाज जवळजवळ तसाच आत येतो. कूलरच्या पंख्याची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीत असते आणि ती नेमकी तंबोऱ्याचा खर्ज व स्वर विरतानाची शेपटी झाकून टाकते. ते भरून काढण्यासाठी माणूस नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगते आणि दर तीन डेसिबल वाढीमागे तो वेळ निम्मा होतो, हे ध्यानात ठेवावे. क्लोज्ड-बॅक, म्हणजे पाठ बंद असलेला हेडफोन घरघर थोडी अडवतो, पण आपल्याकडच्या ४५ अंशांपुढच्या उन्हात त्याच्या रेक्झिनच्या गाद्या घामाने चिकटतात आणि लवकर फाटतात, म्हणून कापडी किंवा मखमली गाद्या मिळतात का ते पाहावे. त्यांनी खर्ज थोडा घटतो. दोन हेडफोनांचा निवाडा करायचा असेल तर पहाटे, कूलर सुरू होण्याआधी बसावे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या मूर्तिजापूरचे भूमिपुत्र डॉ. वसंतराव देशपांडे यांची जुनी ध्वनिमुद्रणे मुलाने भेट दिलेल्या सेनहायझरच्या एचडी ८०० वर ऐकली, तर खरखर आणि ‘स’काराचा चरचराट वाढला. साध्या हेडफोनवर ती गोड वाटत होती. हेडफोन सदोष आहे का?
(एक वाचक, मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : सदोष असण्याची शक्यता कमी आहे. २००९ मध्ये आलेल्या एचडी ८०० ला ६,००० हर्ट्झच्या आसपास एक ठळक उंचवटा आहे, आणि फितीची खरखर व ‘स’, ‘श’ यांचे घर्षण त्याच भागात जोरकस असते. निर्मात्यांनाही ही गोष्ट मान्य असावी, कारण २०१६ च्या एचडी ८०० एस मध्ये त्यांनी तो उंचवटा शोषून घेणारी रचना बसवली. आपण मोबाइलमधल्या इक्वलायझरने (वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) ६,००० हर्ट्झवर तीन ते पाच डेसिबल कमी करून पाहावे. वसंतरावांच्या वेगवान ताना सुट्या, दाणेदार ऐकू येण्याचा जो आनंद हा हेडफोन देतो, तो याने कमी होत नाही; त्या तानांचा बराचसा ऐवज या पट्टीच्या खालीच आहे. वयानुसार कानाची वरची पट्टी सर्वांत आधी क्षीण होते, म्हणून मुलाला योग्य वाटलेली कपात आपल्यालाही तेवढीच हवी असेल असे नाही; ती आपल्या कानानेच ठरवावी.

यांतली बरीच मुद्रणे मोनो असतील, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला तोच आवाज. त्यांचा एक उपयोग करून घ्यावा. मोनो मुद्रणात गळा बरोबर मध्यावर उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला झुकत असेल तर हेडफोन उलटा घालावा : झुकाव दुसऱ्या बाजूला गेला तर दोष हेडफोनमध्ये, त्याच्या तारेत किंवा तो जोडलेल्या यंत्रात आहे; दुसऱ्या यंत्रावरही तसेच झाले तर हेडफोन हमीच्या मुदतीत दाखवून घ्यावा; झुकाव त्याच बाजूला राहिला तर आधी कानात मळ आहे का ते डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.