वाचकांचे प्रश्न : अर्क, सीरम आणि किटचे आकडे

प्रश्न : गुळवेलीचा अर्क २८ दिवस तोंडावाटे दिल्यावर मधुमेही उंदरांचे ग्लुकोज, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड आणि युरिक अ‍ॅसिड असे चारही आकडे उतरले. आमचे मार्गदर्शक म्हणतात, हा किटचा दोष असू शकतो. खात्री कशी करायची?

उत्तर : शंका रास्त आहे. नेहमीच्या किटमध्ये या चारही चाचण्यांची शेवटची पायरी एकच असते. आधीच्या विकरांमुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि पेरॉक्सिडेज त्यातून गुलाबी-लाल रंग आणते. वनस्पतीतली पॉलिफेनॉल किंवा व्हिटॅमिन सी सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळा होणाऱ्या द्रवात) पुरेशी असतील, तर रंग येण्याआधीच ती हे पेरॉक्साइड संपवतात. साखर होती तेवढीच असते, रंग मात्र फिका पडतो आणि आकडा कमी येतो.

तपासणी एका दिवसात होते. निरोगी उंदरांचे सीरम एकत्र करा. प्रत्येक नळीत ४५० मायक्रोलिटर सीरम घ्या. एकीत ५० मायक्रोलिटर सलाइन घाला, बाकीच्यांत सलाइनमध्ये विरघळवलेला अर्क तेवढाच घाला. मिलीलिटरला २ मिलिग्रॅम असे मूळ द्रावण असेल तर नळीत २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर मात्रा होते. त्याखाली १००, ५० आणि १० च्या नळ्या लावा. अर्क विरघळवायला डीएमएसओ हे द्रावक लागले, तर सलाइनच्या नळीतही ते तेवढेच हवे. मग नेहमीच्या किटने प्रत्येक नळी तीनदा वाचा. सलाइनच्या नळीपेक्षा अर्काची नळी सातत्याने ५ टक्क्यांहून खाली असेल, तर त्या मात्रेला किट फसते आहे.

आणखी एक ब्लँक (तुलनेची कोरी नळी) लावाच : अर्क घातलेले सीरम, पण रीजंटऐवजी सलाइन. गडद अर्क स्वतःच ५०५ नॅनोमीटरला प्रकाश शोषतो आणि आकडा वर नेतो. पेरॉक्साइडची घट आणि रंगाची वाढ एकमेकांना झाकतात, तेव्हा सगळे ठीक आहे असा भास होतो.

मात्र एवढ्यावर थांबू नका. तोंडावाटे दिलेला अर्क जसाच्या तसा रक्तात येत नाही. आतडे आणि यकृत त्याची रूपे बदलतात, शिवाय रक्तात पोचणारी मात्रा बहुधा खूप कमी असते. म्हणून नळीत बिघाड दिसला तरी उंदरांचे आकडे खोटेच आहेत, असे ठरत नाही. निर्णायक पुरावा म्हणजे अर्क दिलेल्या उंदरांचेच सात-आठ नमुने हेक्सोकायनेज पद्धतीने पुन्हा मोजणे. त्यात पेरॉक्साइड येतच नाही, वाचन ३४० नॅनोमीटरला होते. पुष्कळ पॉलिफेनॉल तिथेही शोषतात, त्यामुळे विकर घालण्याआधीचे वाचन वजा करावे. दोन्ही पद्धती जुळल्या तर निदान साखरेची घट खरी धरायला हरकत नाही.

प्रश्न : यकृताच्या चाचणीतल्या दोन विकरांपैकी एसजीओटी नियंत्रण गटातही (अर्क न दिलेल्या उंदरांत) वाढलेले दिसते, एसजीपीटी मात्र ठीक आहे. यकृत बिघडले का?

उत्तर : आधी सीरमची नळी पांढऱ्या कागदापुढे धरा. गुलाबी झाक दिसली तर रक्तपेशी फुटल्या आहेत. तांबड्या पेशींत एसजीओटी आणि एलडीएच हे आणखी एक विकर भरपूर असते, एसजीपीटी त्या मानाने कमी. बारीक सुई, जोराने ओढलेला दट्ट्या आणि हलवलेली नळी ही नेहमीची कारणे. असे नमुने बाद करा.

रक्त खोलीच्या तापमानाला ३० मिनिटे गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये १,५०० जी वर (गुरुत्वाच्या १,५०० पट जोराने) १० मिनिटे फिरवा. नोंदवहीत फक्त ‘मिनिटाला ३,००० फेरे’ लिहिणे निरुपयोगी, कारण रोटरची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर ३,००० फेऱ्यांत जेमतेम १,००० जी मिळतात.

साखरेच्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची. पेशींवर तसेच ठेवलेल्या रक्तातले ग्लुकोज तासाला ५ ते ७ टक्के घटते. सकाळी अर्काच्या गटाचे रक्त आधी काढले, नियंत्रण गटाचे नंतर, आणि सगळ्या नळ्या शेवटी एकदम फिरवल्या, तर अर्काने काहीही न करता त्याच्या गटाची साखर कमी निघेल. गट मिसळून रक्त काढा आणि प्रत्येक नळीची वेळ लिहा.

प्रश्न : दुसऱ्या खेपेच्या अर्काचा परिणामच दिसत नाही. पद्धत तीच होती.

उत्तर : ‘तीच’ म्हणजे नेमके काय, ते पाहू. वनस्पती सावलीत वाळवलेली, भुकटी ४० मेशच्या चाळणीतून गेलेली, १०० ग्रॅमला १ लिटर ७० टक्के इथेनॉल, ४८ तास भिजवण, गाळणी, आणि रोटरी इव्हॅपोरेटरचे पाणी ४५ अंशांखाली. यातले काय बदलले? उष्णता कमी लेखू नका. चिनी संशोधक तू योयो यांना १९७१ मध्ये मलेरियावर खात्रीचा अर्क मिळाला, तो काढा उकळणे सोडून इथर कमी तापमानाला वापरल्यावर.

दुसरा संशय ओलाव्याचा. चिकट अर्कात पाणी उरलेले असते, त्यामुळे २०० मिलिग्रॅम तोलले तरी तेवढा अर्क जात नाही. लागोपाठ दोन वजने सारखी येईपर्यंत सुकवा आणि मगच उतारा (पुडीच्या किती टक्के अर्क मिळाला ते) काढा. दोन्ही खेपांचे एचपीएलसी आलेख (अर्कातले घटक वेगवेगळे दाखवणारे) एकमेकांवर ठेवा. मूळ वनस्पतीचा ओळख पटवलेला नमुना जपून ठेवलेला असावा. गुळवेलीच्या जवळच्या जाती सुक्या खोडाच्या तुकड्यांवरून ओळखणे कठीण.

प्रश्न : उंदरांना किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क दिला होता. त्या हिशेबाने वडिलांना गुळवेलीची पूड किती द्यावी?

उत्तर : देऊ नये. गणित असे (६ हा मोठ्या उंदराचा, म्हणजे रॅटचा, आणि ३७ हा माणसाचा ठरलेला गुणांक) : २०० ला ६ ने गुणून ३७ ने भागले की माणसाला किलोमागे सुमारे ३२ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाला १.९ ग्रॅम अर्क. उतारा १४ टक्के धरला तर रोज जवळपास १४ ग्रॅम पूड. हे सूत्र माणसांवरच्या चाचणीची पहिली मात्रा अंदाजायला वापरतात आणि तीही पुढे बरीच कमी करून देतात. शिवाय इथेनॉलमधला अर्क आणि पाण्याबरोबर घेतलेली पूड यांत उतरणारी द्रव्ये वेगळी. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदीही आहेत. वडील आधीपासूनच घेत असतील तर डॉक्टरांना तसे सांगा आणि एसजीपीटी व बिलिरुबिन तपासून घ्या. लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसले, तर पूड त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना गाठा. मधुमेहाच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.